बी, बियाणे, बेणे आणि धान्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोहिणी नक्षत्र लागले की सगळ्याच मराठी वृत्तपत्रांत बियाण्याच्या बातम्या सुरू होतात. टंचाई, लिंकिंग (बियाण्याबरोबर दुसरा मालही घ्यायला लावणे), दरवाढ, बोगस बियाणे, आणि पुढे जुलैत न उगवलेले सोयाबीन. बियाणे तपासणे आणि त्याविषयी शेतकऱ्यांशी बोलणे हेच आमचे काम असल्याने हा मजकूर आम्ही बारकाईने वाचतो. आमची तक्रार त्यातल्या शब्दांबद्दल आहे. एकाच बातमीत सोयाबीनचे पोते वरच्या ओळीत ‘धान्य’ असते, मधल्या परिच्छेदात ‘बी’ होते आणि शेवटी ‘वाण’. उसाच्या टिपरीला, म्हणजे लागवडीसाठी तोडलेल्या तुकड्याला, ‘बियाणे’ म्हटले जाते आणि संकरित कपाशीच्या पाकिटाला ‘सुधारित वाण’. शहरातल्या वाचकाचे त्यात काही बिघडत नाही. पण तीच बातमी वाचून जो आठवडी बाजारातून सोयाबीन उचलून पेरतो, त्याचे बिघडते. म्हणून या शब्दांचे मूळ, त्यांचे अर्थ आणि शेतात त्यांच्यामुळे पडणारा फरक जरा तपशिलाने लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. नेहमीच्या जागेत मावत नसेल तर रविवारच्या पुरवणीत घ्यावे.

‘बी’ हा शब्द संस्कृत ‘बीज’पासून आला. प्राकृतात दोन स्वरांच्या मधला ‘ज’ गळतो. त्याप्रमाणे बीजचे ‘बीअ’ झाले आणि मराठीत ‘बी’ उरले. राजकुलाचे ‘राऊळ’ झाले तेही याच वाटेने. मूळ ‘बीज’ कोणत्या धातूपासून निघाले यावर कोशकारांचे एकमत नाही. वापर मात्र जुन्या काळापासून स्वच्छ आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नांगर जुंपा, जू ताणा आणि तयार केलेल्या जागी बीज पेरा, असे सांगणारी ऋचा आहे. तिथला दाणा खायचा नाही, पेरायचा आहे. इंग्रजी ‘सीड’देखील ‘पेरणे’ या अर्थाच्या ‘सो’ या क्रियापदाच्या कुळातला शब्द. पेरतात ते सीड. तेव्हा बी कशाला म्हणायचे हे दाण्याच्या रूपावर ठरत नाही, त्याचे पुढे काय करणार यावर ठरते. आमचा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि खालचा तपशील त्याच्याच आधारासाठी.

मराठीने या शब्दाला दोन लिंगे दिली. चिकूची, सीताफळाची ‘ती बी’, तिच्या ‘बिया’. या मोजता येतात. शेतात मात्र ‘बी पेरलं’, ‘बी उगवलंच नाही’ असे नपुंसकलिंगी बोलतात. हे मापाने, वजनाने चालते. त्यातून पेरणीसाठी वेगळे काढून ठेवलेले ते ‘बियाणे’. विदर्भात त्यालाच ‘बिजवाई’ म्हणतात. भाऊबीज आणि तुकाराम बीज यांचा या कुळाशी संबंध नाही. ती बीज ‘द्वितीया’पासून आलेली, स्त्रीलिंगी, चंद्राच्या तिथीची. तुकाराम बिजेला ‘भक्तीचे बी’ असा अर्थ चिकटवलेला कधी कधी छापून येतो, तेवढा टाळावा.

निरनिराळ्या पिकांच्या बियांना तर मराठीत आपापली नावे आहेत. आंब्याची कोय, चिंचेचा चिंचोका, फणसाची आठळी, कपाशीची सरकी, बिब्ब्याच्या आतली गोडंबी. नाशिककडे ‘उळे टाकले’ म्हणजे रोपवाटिकेत कांद्याचे बी टाकले. ते उळे ज्या फुलोऱ्यातून येते ते डेंगळे, आणि डेंगळ्यांसाठी लावतात तो गोट कांदा. नाशिकच्या बातमीत ‘कांद्याचे सीड’ लिहिण्याचे कारण आम्हाला कळलेले नाही.

वनस्पतिशास्त्राची व्याख्या आणखी अरुंद आहे. फुलातल्या बीजांडाचे फलन झाल्यावर बनते ती बी, आणि बीजांड ज्या अंडाशयात असते त्याचे बनते ते फळ. या हिशेबाने ज्वारी, गहू, भात यांचा दाणा हे अख्खे फळ आहे, कारण फळाची साल आतल्या बीच्या सालीला पूर्ण चिकटलेली असते. हे पुस्तकी वाटेल, पण कोथिंबीर लावणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. धना हेही फळ. त्याचे दोन अर्धे असतात आणि प्रत्येक अर्ध्यात एक बी. म्हणून पेरण्यापूर्वी धने हलक्या हाताने रगडून दोन भाग सुटे करतात. तसे केले की उगवण लवकर आणि सारखी होते, बीही कमी लागते. जोरात रगडले तर आतला गर्भ फुटतो, आणि मग दोष दुकानदाराला जातो. बिटाची ‘बी’ म्हणजे अनेक बियांचा एकत्र चिकटलेला गुच्छ. एका जागी दोन-तीन रोपे येतात ती त्यामुळे. विरळणी केली नाही तर एकही गड्डा धड पोसत नाही. काजूच्या बाबतीत शास्त्र सांगते की बोंड म्हणजे फुगलेला देठ आणि ‘बी’ म्हणतो तेच खरे फळ. पण तिथे शास्त्राचा हट्ट धरू नये. कोकणात आणि गोव्यात काजू बी याच नावाने भाव निघतो आणि तेच नाव बरोबर.

कोय आणि आठळी यांच्याबाबत मात्र एक सल्ला वारंवार चुकीचा छापला जातो: बिया सुकवून पुढच्या हंगामासाठी ठेवा. धान्याचे बी वाळले की टिकते. कोय आणि आठळी वाळली की मरते. या बियांना झाडावरून उतरल्यावरही ओलावा लागतो. आंबा खाऊन झाल्यावर कोय धुऊन थोड्याच दिवसांत लावली पाहिजे. कोय कलमासाठी पावसाळ्याच्या तोंडालाच कोयी रुजवतात, त्याचे कारण हेच.

आता कायदा. १९६६ च्या बियाणे कायद्याने ‘बियाणे’ ठरवताना ‘पेरणीसाठी किंवा लागवडीसाठी वापरले जाणारे’ हीच अट घातली आहे. अन्नपिके, तेलबिया, फळे, भाज्या, कापूस, वैरण आणि ताग यांच्या बियांबरोबर रोपे, कंद, गड्डे, मुळे, छाटे, कलमे असा लागवडीचा सगळा माल त्यात येतो. २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा दुसऱ्या बाजूने बघतो: जिवंत गर्भ किंवा पुन्हा वाढू शकणारा भाग, ज्यापासून त्याच वाणाशी जुळणारे झाड येते, ते बी. पहिला कायदा विचारतो की हे कशासाठी वापरणार. दुसरा विचारतो की हे जिवंत आहे का, आणि त्याच्या पोटी तेच येणार का. बाजारातल्या सोयाबीनला हे तिन्ही प्रश्न विचारले की पुष्कळ उलगडा होतो.

सोयाबीन इतके घोळवायचे कारण असे की धान्य आणि बियाणे यांतला फरक सर्वांत महागात पडतो तो याच पिकात. हरभऱ्याची किंवा गव्हाची साल दणकट असते. सोयाबीनची साल पातळ, आणि भावी मूळ त्या सालीच्या अगदी खाली, कडेला असते. दाणा उंचावरून फरशीवर पडला, मळणी यंत्रात जोरात आपटला किंवा थप्पीच्या तळाशी दबला, की हे मूळ आतल्या आत तुटते. बाहेरून दाणा पिवळाधमक, टपोरा दिसतो. तेल गिरणीत तो पहिल्या प्रतीचा ठरेल. शेतात तो फुगेल आणि कुजेल. दाण्याचा रंग आणि चमक बघून बियाणे घेणे म्हणून व्यर्थ आहे. बाजार समितीतून येणारे पोते बियाणे म्हणून हाताळलेलेच नसते. आपटत चढवले, आपटत उतरवले, हुकाने ओढले. धान्य म्हणून त्यात काही गैर नाही.

दुसरे कारण पाऊस. शेंगा पक्व झाल्यावर काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा शेंगेतच भिजतो, फुगतो, पुन्हा वाळतो. एवढ्यानेही त्याची उगवण घसरते, बुरशीही शिरते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर असा पाऊस झाला आणि २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. त्या वेळच्या मथळ्यांत सरसकट ‘बोगस बियाणे’ होते. फसवणूक करणारे होते, नाही असे नाही. पण भिजलेल्या हंगामाचे बी, खोल पेरणी, अपुऱ्या ओलीवर घाईने केलेली पेरणी आणि खरोखर बनावट माल ही चार वेगळी कारणे आहेत, आणि चौघांचा उपाय एक नाही.

घरचे सोयाबीन बियाणे म्हणून राखायचे असेल तर काम काढणीपासूनच सुरू होते. पाऊस न लागलेला, भेसळीची झाडे उपटून काढलेला प्लॉट त्यासाठी वेगळा धरावा. मळणीच्या वेळी दाण्यात १३ ते १५ टक्के ओलावा असावा आणि मळणी यंत्राच्या ड्रमची गती मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांच्या पुढे जाऊ नये. धान्यासाठी मळणीवाले यापेक्षा बरेच जोरात चालवतात, कारण त्यांचा हिशेब तासाला किती पोती यावर असतो. एका प्लॉटपुरती गती कमी करायला ते कुरकुरतील. करून घ्यावी, वाटल्यास जास्तीचे पैसे द्यावेत. नंतर ताडपत्रीवर पातळ पसरून ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणावा. साठवण तागाच्या पोत्यात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी. थप्पी सात पोत्यांहून उंच नको. पोती खांद्यावरून टाकायची नाहीत, ठेवायची. गेल्याच्या गेल्या हंगामातले सोयाबीन पेरू नये. एका उन्हाळ्यापलीकडे त्याचा जोम टिकत नाही.

आणि उगवण चाचणी. याला प्रयोगशाळा लागत नाही, जुने वर्तमानपत्र पुरते. आपल्या अंकाचा हा उपयोग आम्ही नेहमी सांगतो. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ दाणे घेऊन एकत्र मिसळावेत. त्यातून निवड न करता १०० दाणे मोजावेत. इथेच बहुतेकांचा हात चांगल्या दाण्याकडे जातो आणि चाचणी फसते. कागदाच्या घड्या घालून तो ओला करावा, पाणी निथळू द्यावे, त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे ठेवून वरून दुसरा ओला कागद घालावा आणि सैल गुंडाळी करावी. ही गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत, सावलीत ठेवावी. गोणपाटाच्या तुकड्यावरही हेच जमते. कागद वाळू द्यायचा नाही आणि पाण्यात बुडवायचाही नाही. पाणी जास्त झाले की दाणे गुदमरून कुजतात आणि चांगले बी नापास होते. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजावे. मोजायचे ते फक्त मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेले. नुसते फुगलेले, मूळ तुटलेले, कोंब पिळवटलेले दाणे उगवलेल्यांत धरायचे नाहीत. असे तीन-चार वेळा करून सरासरी काढावी.

प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, आणि एकरी ३० किलोची शिफारस हीच उगवण धरून केलेली आहे. चाचणीत ६५ आले तर साधारण साडेबत्तीस किलो, ६० आले तर ३५ किलो पेरावे. साठाच्या खाली बियाणे म्हणून विचार सोडावा आणि ते धान्य म्हणून विकावे. ‘उगवण ४५ टक्के आहे ना, मग दीडपट-दुप्पट टाका’ हा हिशेब कागदावर जुळतो, शेतात नाही. कारण ज्या साठ्यात निम्मे दाणे मेलेले असतात त्यातल्या उरलेल्या जिवंत दाण्यांचाही जोम गेलेला असतो. कागदात उगवलेला असा दाणा मातीचा थर फोडून वर येईलच असे नाही.

बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरण्यापूर्वी बियाण्याला औषध आणि जिवाणू लावताना, क्रम महत्त्वाचा. आधी बुरशीनाशक, मग गरज असेल तर कीटकनाशक, आणि जिवाणू खते सर्वांत शेवटी, पेरणीच्या थोडे आधी. उलट केले की बुरशीनाशकात जिवाणू मरतात. कार्बोक्सिन आणि थायरम यांचे मिश्रण किलोला ३ ग्रॅम, आणि रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी १० किलोला २५० ग्रॅम, ही सर्वसाधारण मात्रा. रायझोबियमच्या पाकिटावर पिकाचे नाव वाचावे. हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनच्या मुळावर गाठी करत नाही. सोयाबीन हाताने चोळू नये, साल सोलते. ताडपत्रीवर किंवा फिरत्या ड्रममध्ये हलके वरखाली करून सावलीत सुकवावे. रंगीत औषध लागले की मागे फिरणे नाही. ते बी कोंबड्यांना, जनावरांना किंवा गिरणीत देता येत नाही. धान्याचे बियाणे करता येते, प्रक्रिया केलेल्या बियाण्याचे पुन्हा धान्य होत नाही. ‘शिल्लक बियाणे बाजारात विकले’ असली वाक्ये बातमीत येतात तेव्हा हा प्रश्न विचारायला हवा.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, आणि दाणा तीन ते चार सेंटिमीटर खोल. पाचाच्या खाली गेला आणि वरून जोराचा पाऊस येऊन पापडी धरली, की डाळिंब्या (दाण्याच्या दोन डाळी) वर काढताना कोंबाची मान मोडते. सोयाबीन डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येते. हरभरा आपल्या डाळिंब्या जमिनीतच ठेवतो, म्हणून तो खोल पेरलेला चालतो.

भाताचे घरचे बी राखणाऱ्यांसाठी एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. पोचट दाणे तरंगतात, ते काढून टाकावेत. तळचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे आणि मग तरव्यात (भाताच्या रोपवाटिकेत) टाकावे. धुवायला विसरले तर मीठ उगवणीला बाधते.

‘बेणे’ हा शब्द वृत्तपत्रांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. जो उरला आहे तो ‘भलतंच बेणं आहे’ यातला, माणसाला उद्देशून. पण खोड, कंद, गड्डा यांपासून लागवड होते त्या प्रत्येक पिकाला तो हवा. ‘उसाचे बियाणे’ म्हटले की बेण्याचे वय आणि डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) हे प्रश्नच मनात येत नाहीत, आणि उसात तेच सर्व काही आहे. बेणे १० ते ११ महिन्यांचे, रसरशीत, डोळे फुगीर असलेले हवे. तुरा आलेला, पांगशा (बाजूचे फुटवे) फुटलेला किंवा कांड्यांवर मुळ्या सुटलेला ऊस नको. खोडव्याचे (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा आलेल्या उसाचे) बेणे नको, कारण गवताळ वाढ, काणी यांसारखे रोग त्यातून पुढे सरकतात. पाचट विळ्याने न सोलता हाताने काढावे, नाहीतर डोळे दुखावतात. बुडख्याकडचे जून डोळे उशिरा फुटतात, शेंड्याकडचे लवकर. एकाच सरीत दोन्ही मिसळले तर ऊस खालीवर होतो. दोन डोळ्यांची टिपरी एकरी सुमारे १०,००० लागतात. त्यांची प्रक्रिया दोन टप्प्यांत: १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम, त्यात १० मिनिटे, नंतर १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, त्यात अर्धा तास. तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. ऊस बियांपासून न येता खोडापासून येत असल्याने वाण तोच राहतो, पण रोगाचा साठा दरवर्षी वाढतो.

हळदीत बेण्याचेही तीन प्रकार आहेत: जेठे गड्डे (मधले मुख्य कंद), बगल गड्डे (त्यांच्या बाजूचे) आणि हळकुंडे (बोटांसारखी लांबट). हेक्टरी सुमारे २५ क्विंटल लागते, आणि जेठे गड्डे घेतले तर वाढीला सुरुवातीपासून जोर असतो. हळकुंड ३० ग्रॅमच्या खालचे घेऊ नये. काढणीनंतर दोन-अडीच महिने गड्डा झोपलेला असतो, त्याआधी लावला तरी फुटत नाही. तेव्हा ‘हळदीचे बियाणे ८० रुपये किलो’ अशा बातमीतून खरेदीदाराला काहीच कळत नाही. जेठे की हळकुंड, हे लिहिल्याशिवाय तो भाव निरर्थक आहे. केळीचे मुनवे (बुंध्याजवळ फुटणारे कोंब), आल्याचे, सुरणाचे, बटाट्याचे बेणे यांनाही हेच लागू.

राहिला ‘वाण’. हा शब्द ‘वर्ण’पासून आला, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत त्याचा जुना अर्थ, रंग, अजून शिल्लक आहे. शेतीत वाण म्हणजे पिकाची ठरावीक गुणांची जात, जी पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. जेएस ३३५, फुले संगम ही सोयाबीनची वाणे. सोयाबीन, गहू, हरभरा, भात, मूग, उडीद यांत फुलाचे पराग त्याच फुलावर पडतात, म्हणून एकदा प्रमाणित बियाणे घेतले की त्याच पिकातून निवडून पुढे दोन-तीन वर्षे घरचे बी चालते. सोयाबीनच्या बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये ३ मीटर अंतर पुरते. कांद्यावर मधमाश्या येतात, म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर लागते. शेजाऱ्याच्या लाल कांद्याची डेंगळी आपल्या पांढऱ्या डेंगळ्यांच्या बांधाला असतील तर घरचे उळे कोणत्या रंगाचे निघेल सांगता येत नाही.

संकरित बियाणे हे या अर्थाने वाण राखण्याजोगे नाही. दोन वेगळ्या पालकांचा संकर दरवर्षी नव्याने करावा लागतो. त्याच्या पिकातले बी पेरले तर उंची, फुलोरा, बोंडांचा आकार सगळे फुटून वेगवेगळे होते. बीटी कपाशीच्या संकरित पिकातली सरकी पुन्हा टोकली तर काही झाडांत अळीला मारणारे बीटी जनुकच नसते आणि बोंडअळीला ती झाडे मोकळी सापडतात. ती सरकी उगवते, म्हणून शेतकऱ्याला वाटते बियाणे चांगले आहे. २००१ च्या कायद्याचा ‘त्याच्या पोटी तेच येणार का’ हा प्रश्न इथे लागतो. ‘घरचे बियाणे वापरा’ असे आवाहन छापताना ते कोणत्या पिकासाठी आहे हे लिहिले नाही, तर सोयाबीनचा चांगला सल्ला कपाशीत घातक ठरतो.

शेतकऱ्याने स्वतःचे बी राखणे बेकायदा आहे असा समज काही बातम्यांतून पसरतो. तो खरा नाही. २००१ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार संरक्षित (या कायद्याखाली नोंदलेल्या) वाणाचेही बी शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचे नाव घालून, पॅकिंग आणि लेबल लावून ब्रँड म्हणून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची जी बँक उभी केली, ती याच देवाणघेवाणीवर चालते.

पिशवीवरच्या टॅगचा रंगही बातमीत यावा. पैदासकार (वाण तयार करणाऱ्याच्या देखरेखीतल्या मूळ) बियाण्याला सोनेरी पिवळा, त्यापासून केलेल्या पायाभूतला पांढरा, त्यापुढच्या प्रमाणितला निळा, आणि सत्यतादर्शक बियाण्याला हिरवा. अधिसूचित (सरकारने जाहीर केलेल्या) वाणाच्या बियाण्याला लेबल सक्तीचे आहे, प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. हिरवा टॅग म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली हमी. निळा म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेतातल्या तपासणीपासून प्रयोगशाळेपर्यंत पाहिलेला माल. ‘प्रमाणित बियाणे उगवले नाही’ असे छापण्याआधी टॅग निळा होता की हिरवा एवढे विचारावे. तपासणीच्या तारखेपासून प्रमाणित टॅगची मुदत ९ महिने असते, तीही पाहावी.

न उगवल्याची तक्रार करणाऱ्यासाठी चौकटीत इतके छापता आले तर बरे होईल: पावती, रिकामी पिशवी आणि टॅग फेकू नये, पेरताना प्रत्येक पिशवीतले थोडे बी मूळ पिशवीतच राखून ठेवावे, टॅग कापू नये आणि पिशवी उघडताना खालच्या बाजूने उघडावी, म्हणजे शिलाई आणि टॅग शाबूत राहतात, तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी, तालुकास्तरीय समितीचा पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. पंचनाम्यात पेरणीची तारीख, खोली, त्या दिवशीचा पाऊस आणि शेजारच्या शेतात त्याच लॉटचे (एकाच गटात भरलेले) बी कसे उगवले, या नोंदी मागून घ्याव्यात. आणि आपल्या वार्ताहरांनी बातमीत पिकाबरोबर वाणाचे नाव, टॅगचा रंग आणि लॉट क्रमांक द्यावा. त्याच लॉटची पिशवी ज्याच्या घरात अजून उघडलेली नाही, त्याला ती बातमी पेरणीच्या आधी उपयोगी पडेल.

आपले,
बीजपरीक्षण आणि कृषी विस्ताराच्या कामातील काही वाचक, अकोला